तीन रिंगा आणि सावळातात्या

माझ्या टेबलाच्या खणात सध्या सात मोबाईल आहेत. पाच बंद पडलेले, एक बॅटरी फुगलेला आणि एक असा, ज्याचा चार्जर आता जगात कुठेही मिळत नाही. माझी बायको भावना दर दिवाळीला साफसफाई काढते आणि दर दिवाळीला विचारते, हे भंगारात द्यायचे का? मी म्हणतो, पुढच्या वर्षी. आमच्या धंद्यातली माणसं दिवसभर जुनं मोडून नवं करत असतात, पण घरी एक वायर टाकवत नाही. कधीतरी लागेल म्हणून ठेवलेली असते. ती कधीच लागत नाही.

मी प्रोग्रामर आहे. वाशिंदला राहतो, आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करतो. मूळ गाव डोळखांबच्या बाजूचं. कॉम्प्युटर कुठे शिकलास असं कुणी विचारलं, तर मी शहापूरच्या एका क्लासचं नाव सांगतो. तिथे दोन कॉम्प्युटरवर नऊ जण बसायचो आणि वीज गेली की सर आम्हाला तोंडी शिकवायचे. पण हे उत्तर अर्धंच खरं आहे. या धंद्याचं खरं शिक्षण मला सावळाराम तात्यांच्या जीपमध्ये मिळालं, आणि तात्यांना कॉम्प्युटर हा टीव्हीचा धाकटा भाऊ वाटतो.

तात्या डोळखांब ते शहापूर काळीपिवळी जीप चालवतात. उंच, काटक, खांद्यावर टॉवेल, तोंडात सुपारीचं खांड. शाळा दुसरीपर्यंत. अक्षरांशी त्यांचं कधी जमलं नाही, आकड्यांशी मात्र दाट मैत्री. काचेवर बायकोचं, म्हणजे सुंदराकाकूंचं नाव रंगवलेलं. त्यावरून नाक्यावरचे इतर ड्रायव्हर इतकी वर्षं तीच एक थट्टा करत आले आहेत, आणि तात्या इतकी वर्षं त्यावर तितकंच हसत आले आहेत.

मी कॉलेजला जायचो तेव्हा नुकते सगळ्यांकडे मोबाईल येऊ लागले होते. तात्यांचा होता राखाडी, बटणांचा, डोक्यावर टॉर्चवाला. तो तात्या टॉवेलाच्या टोकात बांधून ठेवत. त्या फोनवर तात्या कधी बोलत नसत. फोन हा बोलण्यासाठी असतो हेच त्यांना मान्य नव्हतं.

पाड्यांवर तेव्हा रेंज नव्हती. आजही फारशी नाही. प्रत्येक पाड्याची रेंजची एक जागा ठरलेली असते. कुणाची मोहाच्या झाडाखाली, कुणाची पाण्याच्या टाकीवर, कुणाची पार वर टेकडीच्या खडकावर. शहापूरला जायचं असलं की घरातलं कुणीतरी त्या जागेवर चढायचं, तात्यांना मिस कॉल द्यायचा आणि खाली उतरून रस्त्याला येऊन उभं राहायचं. एक रिंग देऊन कापली, की माणूस येणार आहे, घे. एकेक करून दोन दिल्या, की ओझं आहे, टपावर जागा ठेव. तीन दिल्या, की दुखणं आहे, असशील तिथून फिर. तात्यांनी उलट फोन करायचा प्रश्नच नव्हता, कारण तोवर माणूस रेंज सोडून खाली उतरलेला असे. रिंग दिली की तात्या येणार, यापुढे बोलणं संपलं.

हा मिस कॉल उचलणं म्हणजे आमच्याकडे शुद्ध असभ्यपणा. एकदा मी पुढच्या सीटवर बसलो होतो आणि तात्यांनी फोन माझ्या मांडीवर टाकला होता. काशीचा मिस कॉल आला. काशी म्हणजे रानभाज्या, करटोली, कधी मध असं काय काय शहापूरला नेऊन विकणारी बाई. माझा अंगठा चुकून पडला आणि मी चक्क “हॅलो” म्हणालो. पलीकडून आधी शांतता, मग एक सणसणीत शिवी. पुढे जीपमध्ये बसल्यापासून शहापूरजवळचा सापगावचा पूल येईपर्यंत ती सगळ्यांना सांगत होती की हा शिकलेला पोरगा, याला फोन उचलायचा नाय एवढंसुद्धा कळत नाय. तात्यांनी माझी बाजू घेतली नाही.

तात्यांच्या फोनमध्ये एकही नाव साठवलेलं नव्हतं. नाव वाचता यायला हवं ना. शेवटचे तीन आकडे दिसले की माणूस कळायचा. चारशे बारा म्हणजे काशी. सातशे सात म्हणजे खडकावरच्या पाड्याचा वाळू. असे दीडशे-दोनशे आकडे त्यांच्या डोक्यात होते. वाळू हा त्यांचा मैतर. नाचणी-भाताची थोडी शेती, बाकी अबोल माणूस. तो कायम ड्रायव्हरच्या शेजारी बसायचा. डोळखांब ते शहापूर दोघं एक शब्द बोलायचे नाहीत आणि उतरताना वाळू म्हणायचा, “बरं झालं बोलणं झालं.” तो थट्टा करतोय की खरंच म्हणतोय हे मला कधी कळलं नाही.

तीन रिंगांचं मी एकदाच प्रत्यक्ष पाहिलं. माझी बारावीची तोंडी परीक्षा होती. जीप खच्चून भरलेली, अर्धा रस्ता आलेला आणि फोन तीनदा वाजून थांबला. तात्यांनी आकडे बघितले आणि जीप वळवली. कुणी हूं की चूं केलं नाही. मी मात्र घड्याळ दाखवलं. तात्या म्हणाले, “परीक्षा परत येती रे.” ज्या म्हातारीसाठी वळलो तिला मागे आडवं झोपवलं. बाकीचे टपावर चढले, दोघंतिघं मागे पायरीला लटकले. मी अर्धा तास उशिरा पोचलो. सरांनी परीक्षा घेतली, मी पास झालो, आणि पुढे कितीतरी वर्षं जीपच्या टपावरून दिसलेलं ते डोंगरांचं रूप आठवत राहिलो.

पुढे इंजिनीअरिंगला एक मॅडम आम्हाला शिकवू लागल्या की दोन यंत्रांनी कमीत कमी शब्दांत एकमेकांशी कसं बोलायचं, त्याचे नियम आधी कसे ठरवायचे. वर्गातली मुंबईची पोरं डोकं खाजवत होती. मी मनातल्या मनात हसत होतो. हे तर आमच्या काशीला येतं.

मग फोन स्वस्त झाले, बोलणं जवळपास फुकट झालं. तरी पाड्यांवरचे लोक मिस कॉलच देत राहिले. भावना एकदा माझ्याबरोबर गावी आली होती, तिनं तात्यांना विचारलं की आता बोलत का नाहीत लोक? तात्या म्हणाले, “बोलायचं काय त्यात? त्यांना यायचं हाय, मना न्यायचं हाय.” भावनाला ते इतकं आवडलं की तिनं आमच्या घरात तोच कायदा केला. दूध आणायचं असलं की एक रिंग. मला वाटायचं, हे दिवस आपण कुठेतरी जपून ठेवायला हवेत. जपण्याचा माझा एकच मार्ग, तो म्हणजे नवीन वस्तू घेऊन देणं.

गेल्या दिवाळीला मी तात्यांना स्मार्टफोन घेऊन गेलो. त्यांच्या जुन्या फोनचं तीनचं बटण दाबता दाबता आत गेलं होतं. नव्या फोनवर मी आकडे मोठे केले, सुंदराकाकूंचा आणि माझा नंबर फोटो लावून साठवला. तात्या म्हणाले, बाकीचे राहू दे, मना पाठ हायत. मी आग्रह केला नाही.

आणि शेवटी मी त्यात आमच्या कंपनीचं ॲप टाकलं.

आमची कंपनी नको असलेले फोन आणि मेसेज अडवणारं ॲप बनवते. तात्यांना दिवसभर कर्ज घ्या, कार्ड घ्या असे फोन यायचे, ते वैतागले होते. त्या ॲपमधला एक नियम माझा स्वतःचा आहे. काही भामटे एक रिंग देऊन कापतात, म्हणजे तुम्ही उलट फोन लावावा आणि फसावं. मी नियम लिहिला: नंबर साठवलेला नसेल, रिंग तीन सेकंदांच्या आत कापलेली असेल आणि असं पुन्हा पुन्हा होत असेल, तर तो नंबर फालतू समजायचा आणि यापुढे वाजूच द्यायचा नाही. हे सुचलं कसं, असं मिटिंगमध्ये विचारलं तेव्हा मी म्हणालो की रिंग मोजायची सवय मला लहानपणापासून आहे. सगळे हसले. त्या नियमासाठी मला काचेचं एक मानचिन्हही मिळालं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. मी तर बैलाच्या गळ्यात मानचिन्ह बांधून फिरत होतो.

मी तात्यांच्या हातात फोन दिला आणि म्हणालो, “तात्या, आता फालतू कुणाचा फोन येणार नाही.” तात्यांनी फोन कपाळाला लावला.

त्यानंतर मी कामात बुडालो. गावी जाणं झालं नाही. मार्चअखेर सुंदराकाकूंचा फोन आला की तात्या जीप विकतायत, टोकावड्याचा देवराम म्हणून ढाबेवाला आहे तो घेतोय, कागदपत्रांचं आता सगळं फोनवरून करायचं असतं, तर तू ये. मी विचारलं, विकतायत का? काकू म्हणाल्या, “गिऱ्हाईक नाय रे राहिलं. फोन वाजत नाय त्यांचा.” मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. घरोघरी मोटारसायकली आल्या, असं मीच भावनाला समजावून सांगितलं. दिव्याखालचा अंधार कसा असतो, तो मी स्वतः अंधारात बसून तिला सांगत होतो.

रविवारी सकाळी गेलो. देवराम खुर्चीत चहा पीत होता. जीप धुऊन अंगणात उभी होती. तात्या वाळले होते. मला म्हणाले की आता पाड्यावरच्या लोकांना माझी गरज नाय, नाक्यावर नुसतं उभं राहायला लाज वाटते. काशीसुद्धा परवा दुसऱ्या जीपमध्ये चढली आणि तोंड फिरवून बसली. “माझं काय चुकलं ते तरी सांगावं तिनं,” असं ते अगदी हळू म्हणाले, देवरामला ऐकू जाऊ नये म्हणून.

मी कागदपत्रांचं काम सुरू केलं. सगळं भरून झालं, आता तात्यांच्या फोनवर सहा आकड्यांचा ओटीपी येणार होता. तो टाकला की जीप देवरामची. दोन मिनिटं झाली, पाच झाली, ओटीपी येईना. मला वाटलं, आमच्या ॲपनं तो मेसेज फालतूत टाकला असेल. मी ॲप उघडून अडवलेल्यांची यादी काढली. ओटीपी तिथेच होता. त्याच्या शेजारी दुसरी यादी होती, अडवलेल्या फोनांची.

चारशे एकतीस फोन. जवळपास सगळे दोन-दोन, तीन-तीन सेकंदांचे. कितीतरी नंबरांच्या शेवटी चारशे बारा, चारशे बारा, पुन्हा चारशे बारा.

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मनात आलं की ओटीपी टाकावा, ॲप काढून टाकावं आणि वाशिंदला निघून जावं. कुणालाही कधीही कळलं नसतं. तात्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, “आला का रे?” त्या आवाजात माझ्यावरचा जो पूर्ण विश्वास होता, त्यानं मला तिथून हलू दिलं नाही. मी त्यांना ओसरीच्या टोकाला नेलं आणि सगळं सांगितलं. माझा नियम, माझं ॲप, माझ्या हातानं.

तात्यांना नियम समजला की नाही, माहीत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “म्हंजे ते बोलवत व्हते?”

मी म्हटलं, “रोज बोलवत होते.”

त्यांचा चेहरा उजळला. मी शिव्यांची वाट बघत होतो आणि हा माणूस हसत होता. त्यांनी तसंच वळून देवरामला सांगितलं की गाडी विकायची नाय. देवराम रागावला, इतक्या लांबून आलो म्हणाला, चहा संपवून निघून गेला. तात्या माझ्याजवळ येऊन टेकले. म्हणाले, सगळे आकडे दाखव, कोणाकोणाचं राहिलंय ते बघू दे.

मी यादी सरकवत होतो आणि तात्या स्वतःशी बोलत होते. ही काशी. हा दुकानवाला. ही अंगणवाडीची बाई. हा आश्रमशाळेचा मास्तर, याच्याकडं ओझं असतं नेहमी. जानेवारीपाशी आलो आणि त्यांचं बोट थांबलं. सातशे सात. एका दुपारी, तीन रिंगा. तासाभरानं पुन्हा तीन. त्यातली शेवटची पलीकडून कापलीच नव्हती, तीही अडवलेली. एव्हाना नंबर फालतू ठरला होता.

“तारीख काय हाय?” तात्यांनी विचारलं. मी सांगितली.

त्या दिवशी वाळू गेला होता. छातीत दुखायला लागलं, शहापूरला नेताना रस्त्यात गेला, एवढंच तात्यांना नंतर कळलं होतं. ते दहाव्याला गेले होते. वाळूची बायको जनाबाई त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती आणि मुलगा अनिल उठून मागे गेला होता. तात्यांना वाटलं, दुःखात माणूस असाच असतो. आता ते फोनकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडातलं सुपारीचं खांड हलायचं थांबलं होतं.

“चल,” ते म्हणाले. काकूंनी जेवून जा म्हटलं. ते थांबले नाहीत.

धुतलेली जीप घेऊन आम्ही खडकावरच्या पाड्याला गेलो. रस्ता संपतो तिथून वर चढायचं. मी मागे, तात्या पुढे. जनाबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. अनिल वाशिंदच्या कारखान्यात कामावर गेलेला, सून रविना घरात होती. जनाबाईनं आम्हाला बघितलं आणि पुन्हा खाली वाकून फुलं पसरू लागली. तात्या अंगणाच्या कडेला उभेच राहिले. बोलायचं मला होतं.

येताना रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो. त्यातलं एकही उपयोगाला आलं नाही. मी म्हटलं, “मावशी, तात्यांनी फोन कापला नाही. त्यांना वाजलाच नाही. मी त्यांच्या फोनात एक वस्तू बसवली होती, तिनं कापला.”

रविना दारात आली. म्हणाली, “मी दोनदा वर चढले. शेवटी पूर्ण लावला, तर बिझी लागला. आमी समजलो, तात्या कापतात.” तात्या येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी वाळूला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणलं, आणि मग दुधाचा टेम्पो मिळेपर्यंत तिथेच बसून राहिले.

जनाबाई सावकाश उठली. हात लुगड्याला पुसले आणि तात्यांच्या समोर येऊन उभी राहिली. “तो झोळीत पडून म्हणत व्हता, सावळा निघाला आसंल. दोनदा म्हणला. मी त्याला म्हटलं, कसला येतो आता तो. तसाच ग्येला बिचारा, मना खरं समजून.” ती थांबली. “त्याचं खरं व्हतं. त्याला खोटा पाडला मी.”

तात्या मटकन खाली बसले आणि टॉवेल तोंडाला लावून रडले. इतका मोठा माणूस रडताना मी पहिल्यांदाच पाहिला. मीही रडलो, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं आणि ते बरोबरच होतं. जनाबाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, वयनीला घेऊन ये एकदा, तिला मोहाची फुलं देते.

वेळेवर जीप आली असती तर वाळू वाचला असता का, हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. मी ते मोठ्यानं म्हटलं नाही, कारण ते म्हणायचा हक्क माझ्याकडे उरला नव्हता.

रविनानं पाणी दिलं. मी ते पीत असताना जनाबाईनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. विचारलं, “तुझी ती वस्तू सावळाच्याच फोनात हाय, का आनखी कोणाच्या?”

“आणखी आहे, मावशी.”

“किती जणांच्या?”

मला आकडा पाठ होता. दर सोमवारी तो आमच्या मिटिंगमध्ये पडद्यावर सगळ्यात आधी येतो आणि वाढलेला असला की आम्ही टाळ्या वाजवतो. मी म्हटलं, “लय जणांच्या.”

मग म्हणाली, “तू इथं आलास, सांगितलंस, म्हणून आमाला कळलं. मंग त्यांच्याकडं सांगायला कोण जायाचं?”

तिनं हे रागानं विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.